वाचक विचारतात : मांडवातली गाणी कॅसेटीतून बाहेर कशी काढायची?

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की घरात कुणाच्या कार्यक्रमाच्या कॅसेटी पडल्या असतील तर ऊन तापायच्या आत त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सिनेमाच्या आणि कंपनीच्या कॅसेटींचे प्रश्न बाजूला ठेवले, ती गाणी कुठं ना कुठं मिळतातच. इथं फक्त आपल्या मांडवात, देवळात, समाजमंदिरात रेकॉर्ड झालेलं घेतलंय, ज्याची दुसरी कॉपीच नाही असं.

गंगाखेडहून एक वाचक :
"आमच्या गावात चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. वडील दरवर्षी टू-इन-वन घेऊन कीर्तनाला पुढं बसायचे, ८७-८८ पासूनच्या साठेक कॅसेटी पत्र्याच्या पेटीत हायेत. शेजाऱ्याचा टेप आणला पण आवाज गोधडीखालून आल्यावानी यायलाय, टाळ तर ऐकूच येईना, अन् दोन कॅसेटींचं रीळ टेपनं खाल्लं. पोरगं म्हणायलंय मोबाइल समोर धरा, रेकॉर्ड करा अन् मोकळं व्हा. काय करावं?"

पहिलं म्हणजे तो टेप बंद करा. कॅसेटी बहुतेक चांगल्या असतील, बिघडलाय तो टेप. रीळ खाल्लं म्हणजे काय झालं, तर रबरी रोलर रीळ पुढं ढकलत राहतो पण ते गुंडाळून घेणारी चक्री फिरत नाही, कारण आतला बेल्ट सैल झालेला असतो नाहीतर वितळून त्याचा चिकट लगदा झालेला असतो, मग रीळ जाणार कुठं, रोलरभोवतीच गुंडाळलं जातं. गावात अजून एखादा जुना रेडिओ-टेप दुरुस्तीवाला असेल तर त्याच्याकडून बेल्ट आणि रोलर बदलून घ्या. आणि दुरुस्त झाल्यावर लगेच वडिलांची कॅसेट टाकू नका हो, आधी एखादी टाकाऊ सिनेमाची कॅसेट दोन्ही साइड पूर्ण वाजवून बघा, मागंपुढं करून बघा, ती सुखरूप बाहेर आली तरच पुढं.

मग साफसफाई. मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडंसं आणा, कान साफ करायच्या काडीवर घेऊन रीळावरून आवाज उचलणारं हेड पुसा, त्याच्या शेजारची लोखंडी दांडी पुसा, रबरी रोलर पुसा. काडीवर तपकिरी काळं येत राहील, ते यायचं थांबेपर्यंत पुसायचं. अत्तर, सेंट, रॉकेल असलं काही लावायचं नाही. गोधडीखालचा आवाज यानंच अर्धा सुटतो.

उरलेला अर्धा हेडच्या कोनात असतो, आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. हेडमध्ये एक बारीक उभी फट असते, ती रीळाला बरोब्बर काटकोनात पाहिजे. वडिलांच्या टू-इन-वनचं हेड जराजरी तिरकं असेल तर रेकॉर्डिंगही तेवढंच तिरकं झालेलं आहे, मग तुमचा टेप कितीही सरळ असला तरी वरचे बारीक स्वर, म्हणजे टाळ, चिपळ्या, 'स' आणि 'श' हे सगळं गायब होतं. हेडच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, त्यातल्या ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो स्क्रू कॅसेट वाजत असताना बारीक पेचकसानं किंचित, अगदी किंचित फिरवायचा. पुष्कळ टेपांमध्ये दाराच्या पट्टीत त्यासाठी एक भोकही ठेवलेलं असतं. गजराची जागा लावा, जिथं टाळ जोरात आहेत, आणि स्क्रू इकडं-तिकडं करत ऐका. एका जागी टाळाचा प्रत्येक ठोका सुटा, चकचकीत ऐकू येईल आणि त्याच्या अलीकडं-पलीकडं दोन्हीकडं मंद होत जाईल, तीच जागा. दरवर्षी टू-इन-वन तोच असेल तर एकदा लावलेला कोन बहुतेक कॅसेटींना चालेल, मध्येच नवा घेतला असेल तर परत लावा. एवढं केल्यावर जो फरक पडतो तो नंतर कॉम्प्युटरवर ट्रेबल वाढवून पडत नाही, कारण जे रीळावरून वर आलंच नाही ते वाढवणार काय?

डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करायचं, बटण असेल तर बंद ठेवा, टू-इन-वनवर केलेल्या रेकॉर्डिंगला डॉल्बी बहुधा नसतोच आणि ते चालू राहिलं की आवाज उगाच दबतो. प्रत्येक कॅसेटीच्या मागच्या कडेची दोन प्लास्टिकची नखं मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाणार नाही. काहींची आधीच मोडलेली असतील आणि त्यावर चिकटपट्टी लावून परत रेकॉर्ड केलेलं असेल, ती पट्टी काढा. वाजवायच्या आधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करा, वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं रीळ मोकळं होतं. फक्त १२० मिनिटांच्या कॅसेटींना हे जपून, त्यांचं रीळ जेमतेम ९ मायक्रॉनचं असतं, ९० वालीचं १२ च्या आसपास आणि ६० वालीचं १८, म्हणजे ६० ची सगळ्यात दणकट.

आणि ती पत्र्याची पेटी. परभणीचा मे महिना तुम्हाला मी काय सांगणार, पत्र्याखाली आत काय होत असेल विचार करा. कॅसेटी आजच खालच्या खोलीत आणा, पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर त्या फेकून द्या, त्यांच्या वाफेनं कॅसेटीचं प्लास्टिक खराब होतं.

मोबाइल समोर धरायचं म्हणाल तर पाहुण्यांना तेवढ्यापुरतं ऐकवायला ठीक आहे. पण त्यात पंखा येतो, टेपचा स्पीकर जेवढा वाईट तेवढा आवाज वाईट, आणि बोलणं स्पष्ट यावं म्हणून मोबाइल स्वतःहून बाकीचं दाबतो, त्यात तुमचा पखवाजच जातो. साठ कॅसेटी ९० मिनिटांच्या धरल्या तर नुसत्या वाजवायलाच ९० तास लागणारेत, एवढा वेळ घालायचाच आहे तर नीट घाला.

कंधारकडून एक वाचक :
"भीमजयंतीला आमच्या इथं गायन पार्ट्यांचे सामने रात्रभर चालायचे, त्याच्या कॅसेटी आहेत. ऑनलाइन एक छोटं वॉकमनसारखं यंत्र मिळायलंय, थेट यूएसबीला लागतं. घेऊ का? लॅपटॉपला टेप कसा जोडायचा तेच कळेना."

नका घेऊ. त्यातली मोटर आणि यांत्रिक भाग इतके हलके असतात की लांबवलेला सूर थरथरतो, आणि सामन्यात गायक तार सप्तकात जाऊन जिथं ठाण मांडतो नेमकं तिथंच ते कळतं. त्यापेक्षा जुन्या बाजारातून चांगल्या कंपनीचा मोठा टेप डेक घ्या आणि वरच्या उत्तरातली दुरुस्ती करून घ्या.

जोडणी सोपी आहे. डेकच्या मागं लाइन-आउटच्या लाल-पांढऱ्या पिना असतात, तिथून वायर यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे टेपचा आवाज लॅपटॉपला देणाऱ्या छोट्या डबीच्या, लाइन-इनला. लॅपटॉपचं हेडफोनचं भोक वापरू नका, त्यात बहुतेक फक्त माइक असतो, तोही मोनो, आणि टेपचा जोरकस सिग्नल त्यात गेला की फाटतो. टू-इन-वनच वापरायचा असेल तर त्याच्या हेडफोनच्या पिनमधून घ्या, व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून. सॉफ्टवेअरला ऑडॅसिटी फुकट आहे, पुरेसं आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाइल. लेव्हल अशी लावा की सगळ्यात जोरात वाजतं तिथं काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये, ढोलकीची थाप कुठं पडेल सांगता येत नाही. ९० मिनिटांची एक कॅसेट साधारण दीड जीबी होते, फ्लॅक नावाच्या फाइलीत ठेवली तर बरीच कमी, आणि फ्लॅकमध्ये आवाजाचं काही जात नाही. एमपीथ्री नंतर वाटायला बनवायची, मूळ म्हणून ठेवायची नाही.

मागं सारखं 'हूंऽऽ' येत असेल तर तो कॅसेटीतला आहे की घरच्या लाइटीचा ते बघा. कॅसेट थांबवूनही येत असेल तर घरचा. आपल्याकडं अर्थिंगचा आनंदी आनंद असतो त्यामुळं लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं जातो.

एक मात्र कशानंच सुटणार नाही. टू-इन-वनमध्ये आवाजाची लेव्हल आपोआप धरणारं सर्किट असतं, जोराची थाप पडली की ते सगळाच आवाज खाली ओढतं आणि मग हळूहळू वर सोडतं, म्हणून ढोलकीच्या मागं कोरस बुडून वर येतोय असं वाटतं. ते रेकॉर्डिंगमध्येच तसं झालेलं आहे, त्याच्यामागं लागू नका.

लातूरहून एक निवृत्त संगीत शिक्षिका :
"आमच्या गुरुजींच्या गुरुपौर्णिमेच्या बैठकीची कॅसेट आहे. गुरुजी काळी एक मध्ये गायचे, कॅसेटीत मात्र पांढरी तीनच्या जवळपास वाजतं, आणि दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी तर आणखीच वर जातं. आवाज गुरुजींचा वाटतच नाही, कुणी तरुण मुलगा गातोय असं वाटतं. हे दुरुस्त होईल का?"

होईल ताई, आणि तुम्हाला गुरुजींची गायची पट्टी माहीत आहे म्हणजे निम्मं काम झालंच. १९६३ साली फिलिप्सनं कॅसेट काढली तेव्हापासून रीळाचा वेग ठरलेला आहे, सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. तुमच्या बैठकीत टेप सेलवर चालू असणार, सेल उतरत गेले तशी मोटर मंदावत गेली, मंद वेगानं भरलेलं रीळ आज नेमक्या वेगानं वाजलं की सूर चढतो, लयही चढते. शेवटी शेवटी जास्त चढतो ते त्यामुळंच, सेल तोपर्यंत पार बसले असणार.

हार्मोनियमवरच्या एका घराला, म्हणजे काळी एक ते पांढरी दोन एवढ्या अंतराला, वेगात साधारण ६ टक्के फरक पडतो. तुमचं काळी एक ते पांढरी तीन म्हणजे तीन घरं. ऑडॅसिटीत फक्त पिच बदलायचा पर्याय आहे तो घेऊ नका, स्पीड आणि पिच दोन्ही मिळून बदलतं तो घ्या, म्हणजे लयही आपोआप जागेवर येईल. जिथं सूर सरकत गेलाय तिथं पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी टक्केवारी द्यावी लागेल, कंटाळवाणं आहे पण तुमच्यासारख्या कानाला अवघड नाही. त्याच बैठकीतली हार्मोनियम अजून कुणाच्या घरी असेल तर तीच समोर ठेवून जुळवा, यापेक्षा चांगलं माप नाही.

काही जण दुसरी युक्ती सांगतात, की मागं विजेचा हम असेल तर तो ५० हर्ट्झवर आणून बसवायचा की वेग बरोबर. युक्ती चांगली आहे, जिथं पट्टी कुणालाच माहीत नाही तिथं मीही तेच सांगेन, पण त्या काळात ग्रिडची फ्रिक्वेन्सी स्वतःच ५० वर टिकत नव्हती, ४९ च्याही खाली घसरायची. तेव्हा अंदाजाला ठीक. शेवटचा शब्द पट्टीचाच.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक :
"खुलताबादच्या उरुसातल्या कव्वालीची आणि मामांच्या शास्त्रीय गाण्याची अशा कॅसेटी भाच्यानं एआयच्या ॲपमधून स्वच्छ करून आणल्या. खरखर गेली, पण ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. माझाच कान म्हातारा झाला का?"

कान शाबूत आहे तुमचा. खरखर काढणारं बहुतेक सॉफ्टवेअर एकच विचार करतं, की जे सारखं एकसारखं वाजत राहतं ते नको असलेलं. आता आपल्याकडं सारखं एकसारखं काय वाजतं? तानपुरा! सॉफ्टवेअरला तो पंख्याचा आवाज वाटतो आणि ते त्याला घासून टाकतं, मग गळा एकटा उघडा पडतो, सूर घसरत नेणारी मींड जिथं विरत जाते तिथं शेपूट कापल्यासारखी तुटते. कव्वालीत टाळ्यांचं तेच, टाळी म्हणजे छोटा तडाखा, टकटक काढणारा फिल्टर तिला रीळावरचा ओरखडा समजतो. बोलणं स्वच्छ करायला बनवलेली ॲप्स तर 'वाहवा' आणि 'क्या बात है' सुद्धा गोंगाट म्हणून उडवतात, आणि दाद उडवल्यावर त्याला मैफल कशाला म्हणायचं?

भाच्याला विचारा मूळ फाइल आहे का. असेल तर तिला हात न लावता बाजूला ठेवा आणि तिच्या कॉपीवरच काम करा. करायचंच असेल तर गाणं सुरू व्हायच्या आधीचा दोन-तीन सेकंदांचा मोकळा तुकडा नमुना म्हणून द्या, ज्यात तानपुरा सुरू झालेला नाही असा, आणि ६ डेसिबलपेक्षा जास्त कमी करू नका, खरखर थोडी राहू द्या. मोनो रेकॉर्डिंग स्टिरिओ डेकवर वाजवलं असेल तर आधी डावा-उजवा दोन्ही एकत्र करा, एवढ्यानंच खरखर जरा उतरते. एकत्र केल्यावर आवाज उलट मंद झाला तर समजा हेडचा कोन अजून जमलेला नाही.

मूळ फाइल ठेवलीच नसेल तर कॅसेट परत वाजवायची. म्हणून कॅसेट कधीच फेकायची नाही.

माजलगावहून :
"रीळ मध्येच तुटलंय. सेलोटेपनं जोडू का?"

साधा सेलोटेप नको, उन्हाळ्यात त्याचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. रीळ जोडायची खास चिकटपट्टी ऑनलाइन मिळते. दोन्ही टोकं तिरकी कापून समोरासमोर भिडवायची, एकावर एक चढवायची नाहीत, आणि पट्टी रीळाच्या पाठीवर लावायची, हेडला घासणाऱ्या बाजूला नाही. कॅसेटीला पाच स्क्रू असतील तर उघडणं सोपं. स्क्रू नसतील, चिकटवलेली असेल, तर कडेनं पातळ पात्यानं फोडून रीळ दुसऱ्या स्क्रूवाल्या खोक्यात घालावं लागेल. आत रीळामागं स्पंजचा छोटा तुकडा असतो तोही बघून घ्या, तो गळून पडला असेल तर आवाज येतो-जातो करतो.

धाराशिवहून एक वाचक :
"सगळं यूट्यूबवर टाकायचा विचार आहे, गावाला ऐकता येईल. काही कायद्याचं लफडं?"

घरी ऐकायला, शिकवायला, अभ्यासाला काही अडचण नाही. सगळ्यांसाठी टाकायचं म्हटलं की गाणाऱ्याचा हक्क येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नंतर घातलेली तरतूद आहे, कार्यक्रम झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं सादर करणाऱ्याचा त्यावर हक्क. म्हणजे १९९८ चं कीर्तन असेल तर २०४८ संपेपर्यंत. शिवाय गीतकाराचा वेगळा, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांना प्रश्न नाही, पण लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ पर्यंत आहे. सिनेमाच्या चालीवर बांधलेलं गाणं असेल तर यूट्यूब आपणहून पकडू शकतं.

कायदा एवढा. व्यवहारात मी एवढंच करायला सांगेन की बुवांच्या किंवा शाहिरांच्या घरी जा, फाइल पेनड्राइव्हवर द्या, ऐकवा आणि टाकू का विचारा, होकार दोन ओळीत लिहून घ्या. बहुतेक घरांत बापाचा आवाज असलेली एकही कॅसेट शिल्लक नसते, ते नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तर टाकू नका.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी जाते.

हिंगोलीहून एक वाचक :
"पंचवीसेक कॅसेटी उतरवल्या, पण लेबलं पुसलीत, काहींवर तर सिनेमाचं नाव अन् आत भजन! कोण गातंय, कुठल्या साली, काहीच कळेना. अन् आता या मूळ कॅसेटींचं काय करू?"

सिनेमाच्या कॅसेटीवर भजन म्हणजे चिकटपट्टी लावून वर भरलेली, घरोघरी तेच होतं. अशी कॅसेट शेवटपर्यंत ऐका, भजन संपल्यावर जुनं गाणं उरलेलं असतं, आणि तो सिनेमा कधीचा ते कळलं की भजन त्यानंतरचं एवढं तरी पक्कं होतं.

त्याहून चांगला पुरावा मधल्या बोलण्यात असतो. लोक फाइल करताना नेमकं तेच कापतात, "आजची पंगत अमुक यांच्याकडून", "उद्या काल्याचं कीर्तन सकाळी", "गंगाराम मिस्तरींनी गेटजवळ यावं", आणि गाणं तेवढं ठेवतात. काही कापू नका. पंगत देणाऱ्याच्या नावावरून सप्ताहाच्या कमिटीची जुनी वही काढा, तिथं साल सापडतं. एकादशी कुठल्या वारी होती असं कुणी कीर्तनात बोलून गेलं असेल तर जुन्या पंचांगावरूनही वर्ष काढता येतं. साइड संपेपर्यंतची अख्खी फाइल एक, आणि वाटायला तुकडे वेगळे.

आवाज ओळखायला मात्र माणसंच लागतात. पारावर, देवळात मोबाइलवर ऐकवा, टाळकऱ्यांतला एखादा म्हातारा दोन ठेक्यांत सांगतो पखवाजावर कोण आहे. हे काम लांबवू नका, टेप वर्षभरानंही दुरुस्त होईल, म्हातारी माणसं थांबतीलच असं नाही. बायकांनी गायलेलं असेल तर बायकांना ऐकवा, पुरुषांना घरातल्याच आवाजाचं नाव सांगता येत नाही असा अनुभव आहे. आपल्या बीड जिल्ह्यासह राज्यभरातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या अभ्यासकांनी जमवल्या, त्यातल्या काही आज परीच्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या, वेबसाइटवर ऐकायला मिळतात, तिथं बघा ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव कसं जपलंय. तुम्ही फाइलच्या नावात साल, गाव, गाणारा एवढं घाला आणि बाकी सगळं शेजारी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, कुणी ओळखलं तेही. अंदाज असेल तर अंदाज असं लिहा. संग्रह मोठा असेल तर गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ पासूनचं संगीत अभिलेखागार आहे, ते असे संग्रह जतन करतात, त्यांना पत्र लिहून बघा.

फाइल दोन हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं. सीडीवर भरवसा ठेवू नका. कॅसेटी रिवाइंड करून, डबीत घालून, उभ्या ठेवा, कपाटाच्या मधल्या खणात, स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून लांब. डबी नसलेल्या असतील तर जुन्या सिनेमाच्या कॅसेटींच्या डब्या काढून घ्या, त्या भंगारवाल्याकडं ढिगानं मिळतात.